सफरचंदांच्या खोलीतले गुलाब

आमच्या घरात सफरचंद येत नसे. परवडत नव्हतं अशातला भाग नाही. बाबा बहारीनच्या मीना सलमान बंदरावरच्या ज्या कोल्ड स्टोरेजमध्ये मेकॅनिक होते, तिथे सफरचंदांच्या पेट्या छतापर्यंत रचलेल्या असायच्या आणि डागाळलेली फळं कामगारांनी घरी नेली तर कुणी हटकत नसे. बाबा संत्री आणायचे, बटाटे आणायचे. एकदा किवी नावाचं केसाळ फळ पेटीभर आणलं, तर आईने त्याचं चक्क लोणचं घातलं. पण सफरचंद? नाव काढायची सोय नव्हती. माझ्या मुलीला हे सांगितलं की ती म्हणते, "मम्मा, दॅट्स सो रँडम." मराठी सगळं कळतं तिला, उत्तर मात्र इंग्रजीतून. मी तरी त्या वयात काय वेगळी होते! पण रँडम काय बाई, त्यामागे एक अख्खा हिवाळा आहे. आता माझ्या निवृत्तीचे वेध लागलेत, सखीरच्या विद्यापीठातल्या ग्रंथालयातलं माझं टेबल मी हळूहळू रिकामं करते आहे, आणि व्हिसा संपला की नागपूरला जायचं आहे. त्याआधी तो हिवाळा एकदा नीट लिहून ठेवावा असं फार वाटतं.

आम्ही तेव्हा आलीत राहत होतो. आली म्हणजे कुंभारांचं गाव. खजुरीच्या झावळ्यांवर भट्ट्या पेटल्या की धूर आमच्या मोरीच्या खिडकीतून आत यायचा आणि आई म्हणायची, "झालं, आज पुन्हा माही भाजी धुरकटली." वारा उलटा फिरला की सलमाबादच्या वर्कशॉपांतून पत्रे ठोकल्याचा आवाज येई. त्यात खिडकीतल्या जुन्या एसीची घरघर आणि पाच वेळची अजान. माझा सगळा अभ्यास या आवाजांतच झाला. आजही एकदम शांतता असली की मला काही सुचत नाही. घर दुमजली, जुनं. खाली आम्ही तिघं, वर घरमालकीण. तिला सगळे उम्म खलील म्हणत, म्हणजे खलीलची आई. तिच्याकडच्या रिवाजाने माझी आई झाली 'उम्म बरग्या'. माझं नाव प्रज्ञा, पण अरबी तोंडात 'प्र' बसत नाही, त्याचं 'बर' होतं. आईला ते नाव फार आवडायचं. माहेरी ती कुणाची तरी पोरगी होती, सासरी कुणाची तरी सून, आणि इथे एकदम माझी आई म्हणून मानाने हाक येत होती.

उम्म खलीलचे यजमान, अबू खलील, तरुणपणी व्यापारासाठी मुंबईला असत, तीही काही वर्षं तिथे राहिली होती, त्यामुळे तिला हिंदी येत होती. म्हणजे तिच्या मते येत होती. आई वऱ्हाडीत बोलायची, ती तिच्या त्या हिंदीत, मध्ये मध्ये 'यल्ला' म्हणजे चला आणि 'मफी' म्हणजे नाही असं पेरत, आणि दोघींचं तासन् तास जमायचं. दर शुक्रवारी वरून मच्छबूसचं ताट यायचं. माशाचा तो मसालेभात, त्यात वाळवलेल्या काळ्या लिंबाचा आंबूस वास. ताट रिकामं परत पाठवायचं नाही हा आईचा नियम. तिने सांबारवड्या तळून पाठवल्या. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात आणि आत मिरचीला हात आखडत नाहीत. उम्म खलीलने एक वडी खाल्ली, डोळ्यांतून घळाघळा पाणी, नाक लाल, आणि जिन्यातून ओरडली, "उम्म बरग्या! तुम मेरे को मारता!" दुसऱ्या शुक्रवारी स्वतःच निरोप धाडला की ते मारणारं पुन्हा पाठव.

ते घर आम्हाला मिळालं तेच तिच्यामुळे. बाबांच्या कंपनीत मेकॅनिकला फॅमिलीसाठी जागा मिळत नसे. बाबा दोन वर्षं सलमाबादच्या कॅम्पात एका खोलीत आठ जणांसोबत राहिले होते आणि आई-मी नागपूरला. उम्म खलीलच्या घरचा एसी दुरुस्त करायला ते एकदा आले, बोलता बोलता तिला हे कळलं, आणि तिने खालचा मजला देऊ केला. तिच्या मुलाला, खलीलला, ते मुळीच पसंत नव्हतं. त्याला खालच्या मजल्यावर गोडाऊन काढायचं होतं. तो आला की बाबांकडे न बघता जिना चढायचा. आम्ही तिथे होतो ते केवळ त्या बाईच्या शब्दावर. तिचं मन आमच्यावरून उडालं की बाबा परत कॅम्पात आणि आम्ही दोघी विमानात, हे घरात कुणी बोलत नसे, पण मला अकराव्या वर्षीही ते पक्कं ठाऊक होतं.

आता गुलाबांकडे येते. दाराच्या दोन बाजूंना, आलीच्याच कुंभारांनी घडवलेल्या दोन मोठ्या कुंड्यांत, दोन गुलाब होते. पण झुडपं नव्हेत. माझ्या छातीपर्यंत सरळसोट, काठीसारखं खोड, आणि वर एकदम फांद्यांची गोल छत्री. गुलाबाचं झाडच म्हणा ना. जंगली गुलाबाचं उंच खोड वाढवून त्याच्या माथ्यावर चांगल्या जातीचा डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, भरतात, तेव्हा असा गुलाब होतो. उम्म खलीलच्या यजमानांनी ते हॉलंडहून आणवले होते. फुलं पांढरीशुभ्र, वाटीएवढी. वास अजिबात नाही. मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीशी आणखी एक गुलाब होता, गावठी, काटेरी, फिकट गुलाबी, कुणी न विचारता वाढलेला. तो उम्म खलीलच्या सासूने लावलेला. सासू-सुनेचं आयुष्यभर विस्तवावरचं नातं. सासू जाऊन कैक वर्षं झाली तरी उम्म खलील त्या झुडपाकडे बघून तोंड फिरवायची. टाकीतून गळणाऱ्या पाण्यावर ते आपलं जगत होतं.

या गुलाबांना हिवाळ्यात झोप लागते. हॉलंडमध्ये बर्फ पडतो, पानं गळतात, झाड आपोआप झोपतं. बहारीनच्या थंडीत मात्र त्यांना वाटतं वसंत आला, ते फुलत सुटतात, दमतात, आणि मेमध्ये ऊन तापलं की मान टाकतात. म्हणून यजमान त्यांना दर डिसेंबरात बळेच झोपवायचे. पाणी थोडं थोडं तोडायचं. पानं हाताने खुडायची. छत्री छाटून मुठीएवढी करायची. खोडाला आणि विशेषतः वरच्या कलमाच्या गाठीला गोणपाट गुंडाळायचं आणि कुंड्या जिन्याखालच्या उत्तरेकडच्या अंधाऱ्या खोलीत न्यायच्या. यजमान वारल्यावर हे सगळं उम्म खलील एकटी करायची. गुलाबांशी बोलत करायची. मला वाटायचं ती गुलाबांशी बोलते. आता माझंही वय झाल्यावर कळतं की ती कुणाशी बोलत होती.

त्या वर्षी तिच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं, मुंबईला. खलील सोबत जाणार होता. निघायच्या आधी ती आईला हाताला धरून कुंड्यांपाशी घेऊन गेली. "उम्म बरग्या, मैं जाता. ये दो को तुम सुलाओ. पानी शुवैय्या शुवैय्या कम. पत्ता मफी. बोरा पहनाओ. बीच-बीच में एक प्याला पानी, सोने वाला को भी प्यास लगता." मग जरा थांबून म्हणाली, "मैं वापस आया तो इस पे फूल देखना है. इंशाल्ला." आपण परत येऊ की नाही हे तिलाच ठाऊक नव्हतं, म्हणून ते वाक्य असं कुंड्यांवर ठेवून ती गेली. आईने तिचे दोन्ही हात आपल्या कपाळाला लावले. टॅक्सी वळली तरी आई दारातच उभी होती.

आईने सगळं बयाजवार, नीट निगुतीने केलं. पानं खुडली, फांद्या छाटल्या, गोणपाट शिवून चक्क बंडी केली. पण त्या वर्षी थंडी पडलीच नाही. तो शमाल वारा, जो एरवी हाडं गोठवतो, तो आलाच नाही. जिन्याखालच्या खोलीत ते दोघे चार दिवस झोपले आणि मग छाटलेल्या टोकांतून फिकट, पांढुरके कोंब बाहेर यायला लागले. आई खुडायची, ते पुन्हा यायचे. "हे पोट्टे काई झोपत नाईत वं," ती मला म्हणायची. अंधारात वाढलेले कोंब म्हणजे झाडाची नुसती ताकद वाया. तिला अन्न गोड लागेना.

तेव्हा बाबांच्या डोक्यात ती कल्पना आली. ते जेवता जेवता हसायलाच लागले. "थंडी पायजे ना तुले? अवं, थंडी तर माह्या हातात हाये! दिवसभर मी काय करतो? थंडीच बनवतो ना!" आणि ते खरंच होतं. पन्नास डिग्रीच्या उन्हाळ्यात ज्यांच्या हाताने बटाटे आणि कांदे गारठून जायचे, त्या माणसाच्या घरात दोन गुलाबांना थंडी मिळू नये? आईचा चेहरा उजळला. मला तर बाबांचा इतका अभिमान वाटला की मी शाळेत मैत्रिणींना सांगितलं, माय फादर मेक्स विंटर.

कोल्ड स्टोरेजचा माल सांभाळणारे हमीदभाई होते, रत्नागिरीचे, बाबांचे जिवलग. ते नेमके तेव्हा लग्नकार्यासाठी गावी गेले होते. त्यांच्या जागी जो नवा माणूस होता, त्याने खांदे उडवले, ठेवा म्हणाला. बटाट्यांची खोली भरलेली होती. सफरचंदांच्या खोलीत एक कोपरा मोकळा होता. थंडी अगदी हवी तेवढी, ना कमी ना जास्त. बाबांनी कंपनीच्या पिकअपमध्ये मागे बसून स्वतः दोन्ही कुंड्या धरल्या आणि नेल्या. मला एकदा तिथे घेऊन गेले. जाड दार उघडलं, आत पांढरी वाफ, सफरचंदांचा असा गोड दरवळ की तोंडाला पाणी सुटावं, आणि कोपऱ्यात गोणपाटाच्या बंड्या घातलेले आमचे दोघे. बाबांनी कपात पाणी आणलं होतं. कुंडीत ओतताना ते हळू आवाजात बोलत होते, झोपलेल्या माणसाची झोप मोडू नये तसं. कोंब आले नाहीत. सगळं कसं छान चाललं होतं.

फेब्रुवारी सरताना कुंड्या घरी आल्या. आईने एकदम उन्हात नेल्या नाहीत. आधी जिन्याखाली, मग सावलीत, मग सकाळच्या कोवळ्या उन्हात. गोणपाट सोडलं, पाणी दिलं. आणि आम्ही वाट बघायला लागलो. शाळेतून आले की दप्तर न टाकता मी आधी कुंड्या बघायचे. शेजारपाजारी बोगनवेली पेटल्या होत्या, टाकीशी ती सासूबाई, म्हणजे तो सासूने लावलेला गावठी गुलाब, फुलांनी लगडली होती. आमचे दोघे मात्र काठ्याच. मग एक दिवस एका खोडावर लालसर कोंब दिसला. बाबांनी मला उचलून गरकन फिरवलं. "आला! आला ना रे बाप्पा!" आई वाकली, बघितलं, आणि मटकन पायरीवर बसली. कोंब खोडाच्या मध्यातून आला होता, गाठीच्या खाली. "हे जंगली हाये," ती म्हणाली. "हे खालचं झाड जागं झालं. वरचं नाई." तिने नखाने वरची फांदी खरवडली. आत तपकिरी. प्रत्येक डोळा काळा पडला होता, जळक्या काडीच्या टोकासारखा.

हमीदभाई त्याच आठवड्यात गावाहून आले. आमसुलं आणि कुळीथ पीठ घेऊन घरी आले तर घरात सुतक. बाबांनी सगळं सांगितलं. हमीदभाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अवो भाऊ, हां काय केलात! सफरचंदांच्या खोलीत? सफरचंद गप बसत नाय, तो आतल्या आत पिकत असतो, त्याची हवा सोडत असतो. त्या हवेत केळी ठेवलीत तर पिवळी होतील, गाजरं कडू होतील, झाडाचं डोळं मरतील. फुलांचं खोकं मी त्या खोलीच्या उंबऱ्याला तरी लागू देतो काय? मी असतो तर..." आणि त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला, कारण बाबांचा चेहरा बघवत नव्हता. इतकी वर्षं बाबा त्या खोल्यांची थंडी राखत होते. खोलीत हवा कसली असते हे त्यांच्या कामात कधी आलंच नव्हतं. ते यंत्राच्या बाजूचे, हमीदभाई मालाच्या बाजूचे. दोघांच्या मध्ये एक दार, आणि त्या दारात आमचे गुलाब मेले.

त्या दिवसांत बाबा जेवायला बसले की घास हातात धरूनच राहायचे. एका संध्याकाळी म्हणाले, "अवो, आयकलं का? बुदैय्याच्या रस्त्यावर नर्सरीत असेच गुलाब हायेत. पांढरे. उधार-उसनवार करून दोन आणतो. याच कुंड्यांत बसवू. तिले काय समजते?" आई पोळी लाटत होती. लाटणं थांबलं. "दर शुक्रवारी बुद्धाच्या मूर्तीपुढं हात जोडून 'मुसावादा वेरमणी' म्हणता नं तुमी? खोटं बोलणार नाई म्हणून? मंग ते काय पोपटासारखं?" बाबा म्हणाले, "आन घरातून काढलं तर? खलील तर टपूनच हाये. तुमाले दोघींले वापस धाडावं लागन." आई म्हणाली, "काढलं तर जाऊ. पन तिनं ज्या हातात देल्ले नं, त्या हातानं तिले मी फसवणार नाई." आणि पोळी तव्यावर टाकली. मी दारामागे उभी होते. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी, खरं सांगते, असं वाटत होतं की आपली आई फार उंच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बाबांच्या दाढीचं नवं ब्लेड मागितलं. आईचं माहेर वरुडकडचं. तो संत्र्याचा मुलूख, तिथे रोपवाटिकाच रोपवाटिका, आणि तिथल्या बायका-पोरी डोळे बांधायच्या कामाला जातात. आंबट जंबेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा बसवायचा, त्याला डोळा बांधणं म्हणतात. आई लग्नाआधी ते करायची. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ती कधी बोललीच नव्हती, मजुरीचं काम, त्यात काय सांगायचं म्हणून. "खोड हिरवं हाये," ती म्हणाली. "खोड हिरवं हाये तोवर काई मेलं नाई. पन डोळा कुठून आणू? त्या पांढऱ्याची तं एकबी फांदी जित्ती नाई." आणि तिने मागच्या अंगणाकडे बघितलं. टाकीकडे. सासूबाईंकडे.

ते बांधणं मला आजही डोळ्यांसमोर दिसतं. गावठी गुलाबाच्या फांदीवरून ब्लेडने ती सालीसकट एक डोळा उचलायची, तांदळाएवढा, आणि सुकू नये म्हणून ओठांत धरायची. मग उंच खोडावर उभा-आडवा छेद द्यायची, साल हलकेच उचकटायची, ओठांतला डोळा त्या फटीत सरकवायची, आणि खुबूसच्या, म्हणजे तिथल्या रोटीच्या, प्लॅस्टिक पिशवीची पट्टी कापून घट्ट गुंडाळायची, डोळा तेवढा उघडा ठेवून. हात विसरले होते. पहिले दोन डोळे तर तिच्या हातातच फाटले. "माय वं, बोटं जाडी झाली माही," म्हणून स्वतःलाच शिव्या घातल्या. ओठांत डोळा असताना बोलता येत नाही, तेव्हा ती भुवयांनी मला सांगायची, पट्टी दे, इकडे धर, हलू नको. बाबा मागे उभे राहून छत्रीने सावली धरत होते. एवढ्या मोठ्या माणसाला दुसरं काही काम नव्हतं आणि तेवढ्यासाठीही ते कृतज्ञ होते, हे मला दिसत होतं.

एका झाडावरचे सगळे डोळे काळे पडले, आणि मग ते खोडही वाळलं. आईने ते उपटलं नाही, कुंडीत दुसरं काही लावलंही नाही. दुसऱ्या झाडावर बांधलेल्यांपैकी एकच डोळा हिरवा राहिला. एक दिवस तो फुगला. मग त्यातून बोटभर कोंब आला, पानं फुटली, आणि उन्हाळा दारात येऊन उभा राहायच्या जरा आधी त्यावर कळी धरली. तोवर मुंबईहून निरोप येत होते, ऑपरेशन झालं, बरी आहे, येते. आई रोज बुद्धापुढे दोन मेणबत्त्या लावायची. एक उम्म खलीलसाठी असायची. दुसरी कुणासाठी ते मी विचारलं नाही.

ती आली तेव्हा दुपार होती. खलीलने हात धरून तिला गाडीतून उतरवलं. केवढी वाळली होती! अबाया अंगावर लोंबत होता. आम्ही तिघं दारात ओळीने उभे. बाबांनी हिंदीतलं वाक्य पाठ करून ठेवलं होतं, ते सगळं विसरले. "मेरी गलती है," एवढंच आधी आलं. मग तुटक तुटक, तुफ्फाह म्हणजे सफरचंद, त्याच्या खोलीत ठेवलं, दोन्ही मेले, एक गेलाच, हा एक आहे पण हा तुमचा नाही, वर दुसरा बांधला आहे. खलीलचा आवाज चढला. अरबी भराभरा, आम्हाला त्यातलं 'बाबा', म्हणजे त्याचे वडील, आणि 'खलास', म्हणजे संपलं, एवढंच कळलं. तो आमच्याकडे, आमच्या घराकडे, हात करून बोलत होता. आईने माझा खांदा इतका घट्ट धरला की दुखला.

उम्म खलीलने मुलाकडे न बघता हात वर केला. ती एकटीच हळूहळू कुंडीपाशी गेली. काठीसारखं उंच खोड, माथ्यावर एकच तिरपी फांदी, आणि तिच्यावर एक गुलाबी फूल. तिने ते हाताने जवळ ओढलं आणि नाक टेकवलं. मग आईकडे वळली. "ये उसका है. बुढ्ढी का."

"हो," आई म्हणाली. मग वऱ्हाडीतच म्हणाली, "दुसरं जित्तं काई नोतं वं माय."

उम्म खलीलचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती! टाके दुखत होते म्हणून एका हाताने छाती दाबून धरून हसत होती. "तीस साल! तीस साल मैं उस बुढ्ढी को ऊपर नहीं आने दिया, टांकी के पास रखा. अभी देखो! मेरा मियाँ के सिर पे जा के बैठ गया!" हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, सांबारवडीच्या दिवशीपेक्षाही जास्त, आणि आईने पुढे होऊन तिला धरलं. दोघी एकमेकींना धरून तिथेच, उन्हात, हसत आणि रडत उभ्या. बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. खलील बॅगा घेऊन जिना चढून गेला. जाताना पहिल्यांदाच बाबांकडे बघून त्याने मान हलवली. गोडाऊनचा विषय पुन्हा कधी निघाला नाही. मी लग्न होईपर्यंत त्याच घरात राहिले.

संध्याकाळी आईने तिच्यासाठी मऊ खिचडी नेली. मी सोबत होते. उम्म खलीलने ते एक फूल पाण्याच्या पेल्यात घालून उशाशी ठेवलं होतं आणि सगळी खोली दरवळत होती. ती आईला म्हणाली, "एक बात बोलता, किसी को मत बोलना. वो सफेद में बास नहीं था. मैं अबू खलील को कभी नहीं बोला. वो इतना खुश था." आईने चमच्याने खिचडी कालवली, फुंकर घातली, आणि पहिला घास तिला भरवला.

पुढे दर डिसेंबरला दोघी मिळून त्या गुलाबाला झोपवायच्या. जिन्याखालच्या खोलीत, बंडी घालून, आणि नाही झोपला तर नाही झोपला. "जागू दे त्याले," आई म्हणायची, "म्हाताऱ्या माणसाले झोप येत नसतेच." आता उम्म खलील नाही, आईही नाही, त्या घराच्या जागी तीन मजली इमारत आहे. सखीरच्या ट्रॅकवर मोटारींची रेस असली की माझ्या खिडकीतून गाड्यांचा घोंघाट ऐकू येतो, आणि मी आवरायच्या सामानात काय न्यायचं याचा विचार करत बसते. न्यायला फारसं काही नाही. मला जे मिळायचं होतं ते त्या अंगणात मिळून गेलं आहे, आणि त्यासाठी मी या वाळूची, त्या बाईची आणि माझ्या आईवडलांची जन्माची ऋणी आहे.

बाबा शेवटच्या आजारात नागपूरला दवाखान्यात होते. मी इथून रजा टाकून गेले होते. माणसं त्यांना ओळखू येत नव्हती, मला ते कधी आईच्या नावाने हाक मारत, कधी हमीदभाईंच्या. कुणीतरी खिडकीत फुलदाणीत गुलाब ठेवले होते. भेटायला आलेला एक पुतण्या रिवाजाप्रमाणे सफरचंदांची पिशवी घेऊन आला आणि त्याने ती खिडकीतच, फुलांच्या शेजारी ठेवली. बाबांनी डोळे उघडले. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज अगदी स्वच्छ आला.

"पोरी, ते सफरचंद बाहेर ठेव बरं. फुलं हायेत इथं."

मी पिशवी उचलली आणि बाहेरच्या बाकावर ठेवून आले.